बाद विहीर

मोसमी कार्यक्रमाच्या मसुद्यात पाचव्या क्रमांकावर माझे वडील वारले होते. चौथ्या क्रमांकावर सभासदांची सहल होती, सहाव्यावर पंपांच्या देखभालीची कार्यशाळा, आणि मध्ये, जाड अक्षरांत, ‘पहिले स्मृती व्याख्यान’. त्याखाली बाबांचं नाव, आणि नावाआधी ‘कै.’. कागद हातोहात फिरत माझ्याकडे आला तेव्हा मी खुर्च्या मोजत होते. कार्यवाह म्हणून माझं अर्धं आयुष्य खुर्च्या मोजण्यात गेलं आहे. भूजल व्यावसायिकांच्या संघटनेला जमिनीखालच्या पाण्याची आठवण वर्षातून दोनदा येते, पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर. बाकी वर्षभर नुसत्या खुर्च्या, चहा आणि प्रोजेक्टरची न सापडणारी वायर. मी पाचवा क्रमांक वाचला, सहावा वाचला, मग परत मागे आले. पहिल्यांदा मनात काय यावं, तर सकाळी मी त्यांना बिस्किटावरून ओरडले होते हे. चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाशी जातं, मग ते चमच्याने त्याचा शोध घेत बसतात, तोवर चहा निवतो, आणि मग म्हणतात, आज चहा गारच दिलास. मी म्हटलं होतं, बाबा, बिस्कीट गेलं, आता सोडा त्याचा नाद. आणि आता हा कागद. क्षणभर, अगदी खरंच, मला वाटलं, मी नसताना घरी काही झालं आणि संघटनेला माझ्याआधी कळलं की काय. मग रागाची तिडीक उठली ती थेट डोक्यापर्यंत.

आमच्या अध्यक्षांना सभासद पाठीमागे झरा म्हणतात, कारण ते बोलायला लागले की बारमाही. ते तेव्हा पाचव्या क्रमांकाला अनुमोदन मागत होते. संघटनेत कोणीही बोलायला उभं राहिलं की पाण्याची एखादी म्हण वापरल्याशिवाय त्याला खाली बसता येत नाही, असा अलिखित नियम आहे. अध्यक्षांनी अशा थोर माणसाची आठवण न ठेवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं काहीतरी म्हटलं, आणि म्हणीचा संबंध कुठे लागतो याचा विचार करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. दोन हात वर झाले. मी म्हटलं, बाबा घरी आहेत. अध्यक्ष म्हणाले, हो हो, फोटो घरूनच मागवू. मी म्हटलं, फोटो नाही, बाबा. ते स्वतः घरी आहेत, आत्ता बहुधा खिडकीपाशी बसून पेपर उलटा-सुलटा करत असतील. मागच्या रांगेतल्या एकाने चहाचा कप बशीत ठेवला. वर केलेले दोन हात तसेच वर होते. त्यांना खाली घ्या म्हणायचंही कोणाला सुचत नव्हतं.

मसुदा सहकार्यवाहांचा होता. हा माणूस पंपांच्या कंपनीत तपासनीस आहे आणि संघटनेची नियमावली त्याला झोपेतून उठवून विचारली तरी कलमवार सांगेल. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत त्याने खुलासा केला, आणि त्या खुलाशात त्याच्या दृष्टीने कुठेही चूक नव्हती, हेच जास्त संतापजनक होतं. आमच्यात प्रत्येक सभासदाच्या नावावर एक निरीक्षण विहीर असते. विहीर म्हणजे वाकून बघायची, पोहरा सोडायची विहीर नाही. जमिनीत खोल उतरवलेली मनगटाएवढी लोखंडी नळी, वर टोपण. तिच्यातून पाणी काढायचं नसतं, पाणी किती खोल आहे एवढंच मोजायचं, दर मोसमात, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याला पाठवलेलं चालत नाही. सलग तीन मोसम मोजणी झाली नाही तर विहीर बाद, आणि विहीर बाद झाली की सभासद आपोआप माजी. आता आमच्याकडे जिवंतपणी विहीर सोडलेला एकही सभासद नाही. लोकांनी बदल्या नाकारल्या, एकाने मुलीच्या साखरपुड्याची वेळ पुढे ढकलली, पण मोजणी चुकवली नाही. त्यामुळे माजी म्हणजे गेलेले, असा संघटनेत सर्वांचाच समज आहे. सहकार्यवाहांनी बाबांची विहीर बाद झालेली पाहिली, सभासद माजी झालेले पाहिले, आणि हिशेब पुढे नेला. मला विचारलं का नाही, तर मी दुःखात असेन म्हणून. पाण्याची पातळी मोजणाऱ्या माणसाने समोरच्या बाईचा चेहरा एकदा मोजला असता तरी काम झालं असतं. पण आम्हा लोकांची ही खोडच आहे. जे दिसत नाही त्याच्यावर आमचा गाढ विश्वास.

अध्यक्षांनी लगेच तोडगा काढला. सभागृह ठरलं होतं, बाहेरून येणाऱ्या वक्त्याने होकार दिला होता, तेव्हा ‘स्मृती’ खोडून ‘गौरव’ करू, ‘कै.’ काढून ‘श्री.’ करू, आणि उत्सवमूर्ती स्वतः हजर राहिली तर दुधात साखर. सगळ्यांनी सुटकेचे श्वास सोडले, कोणीतरी टाळी वाजवली. मीही बसले असते गप्प, पण तेवढ्यात माझी नजर नवव्या क्रमांकावर गेली. ‘बाद नळ्या सिमेंटने बुजवणे.’ पहिल्याच ओळीत रुग्णालयाच्या धुलाईघरामागची नळी. बाबांची. ही बुजवण्याची मोहीम मीच गेले कित्येक मोसम लावून धरली होती. वापरात नसलेली नळी म्हणजे वरच्या घाणीला खालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत उघडलेली वाट. दुर्लक्ष झालं, गंजली, फुटली, की आजूबाजूच्या वस्तीच्या सगळ्या बोअरना विषबाधा. मीच व्याख्यानं दिली होती, मीच चित्रं दाखवली होती. आणि आता माझ्याच मोहिमेचं पहिलं गिऱ्हाईक माझ्याच घरातलं निघालं होतं. ‘कै.’ पेनाने खोडता येत होतं, सिमेंट नाही.

सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला जिन्यापाशी बाजूला घेतलं. आवाज बारीक करून, म्हणजे त्यांच्या मानाने बारीक करून, म्हणाले की एवढं मनाला लावून घेऊ नका. मागच्या काही वर्षांची सरासरी काढा, या मोसमाची मोजणी म्हणून टाका, विहीर चालू, बाबा चालू, कोण बघतंय. त्यांना वाटलं त्यांनी माझ्यावर उपकार केले. मी त्यांना फाडकन काहीतरी बोलणार होते. मोजणीत सरासरी टाकणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायचं? पण बोलले नाही, कारण जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात सरासरी काढायला घेतली होती. बाबांच्या विहिरीचे आकडे मला पाठ आहेत. लहानपणी इतर मुलांना पाढे पाठ असायचे तसे.

लहानपणी मोजणीच्या दिवशी ते मला सोबत न्यायचे. पोलादी फीत, खडू आणि कोरडं फडकं. फितीच्या टोकाला खडू चोळायचं काम माझं. मग ते फीत नळीत सोडायचे, सरसर असा आवाज करत ती खाली जायची, आणि वर एका ठरलेल्या आकड्यावर ते धरून ठेवायचे. वर ओढली की खडू जिथपर्यंत भिजला तिथे रेघ उठलेली दिसायची. वरच्या आकड्यातून ती रेघ वजा केली की झालं. एवढंच. पण ते एकदा करून त्यांचं समाधान होत नसे. फीत पुसायची, खडू परत लावायचा, परत सोडायची. दोन आकडे जुळले तरच खरं. मी विचारायची, पाणी इतक्यात कुठे पळून जाणार आहे का? तर म्हणायचे, पाणी नाही गं, मी चुकलेला असेन. मला त्या वयातही याचा वैताग यायचा. भूक लागलेली असायची, धुलाईघरातून उकळत्या साबणाचा वास यायचा, ओल्या चादरी वाऱ्यावर फडफडत अंगावर यायच्या, आणि माझा बाप गुडघ्यावर बसून एका नळीला दोनदा तोच प्रश्न विचारत असायचा. आता मी घरात तेच करते. गॅस बंद केलात का, बाबा? आणि दोन मिनिटांनी पुन्हा, बाबा, गॅस बंद केलात का? आकडे जुळत नाहीत.

तीन मोसम कसे चुकले तेही सांगण्यासारखंच आहे. पहिल्या मोसमात ते तापाने पडले होते. दुसऱ्यात आईने त्यांचे बूट लपवून ठेवले, कारण आदल्याच आठवड्यात ते फिरायला म्हणून गेले आणि ओळखीच्या न्हाव्याने त्यांना घरी आणून सोडलं होतं. तिसऱ्यात ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन निघाले, पण पोचले त्यांच्या जुन्या कार्यालयात, आणि तिथल्या दारावरच्या माणसाला फीत दाखवून विहीर कुठे हलवली म्हणून विचारत राहिले. मोजणीच्या दिवशी माझी विहीर मी पहाटेच मोजते आणि मग कार्यालयात बसून सगळ्यांचे आकडे फोनवर घेत असते. सगळ्या शहराचं पाणी माझ्या कानात येतं, आणि माझ्या बापाची नळी कोणी मोजली नाही हे मला संध्याकाळी कळतं. यावर कोणाशी भांडायचं? तापाशी, आईशी, की दारावरच्या त्या माणसाशी? दादाला फोन केला तर तो दुसऱ्या गावाहून शांतपणे सांगतो की आता बाबांनी आराम करावा. लांब राहणाऱ्या माणसाला सगळं किती स्वच्छ दिसतं. आराम या शब्दाचा मला इतका तिटकारा आला आहे की आरामखुर्चीसुद्धा बघवत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती तडतडतच. आई भाजी निवडत होती. आई संघटनेला पहिल्यापासून पाण्यात पाहते, आणि हा विनोद तिनेच इतक्यांदा केला आहे की आता तो विनोद उरलेला नाही. मी तिला सगळं सांगितलं, कागदावर बाबा वारले तेही. मला वाटलं ती चिडेल, निदान हसेल. ती म्हणाली, मग आता बुजवणार का? मी म्हटलं, नियमाप्रमाणे बुजवायलाच हवी. आणि एका परीने बरंच आहे, आई, तुझी दरवेळची धाकधूक संपेल, बूट लपवायला नकोत. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“त्या एका दिवसाच्या नावावर हे सकाळी उठतात,” ती म्हणाली. “रोज विचारतात, मोजणी आज का? मी म्हणते, आज नाही, पण जवळ आली आहे. मग दाढी करतात, धुतलेला शर्ट घालतात. तो दिवसच काढून टाकलास तर उद्या सकाळी मी काय सांगू यांना?”

मी इतकी वर्षं कार्यक्रम आखते. मोसमाआधीची मोजणी, मोसमानंतरची मोजणी, सहल, कार्यशाळा, हिवाळ्यात शाळांमधून प्रदर्शन, उन्हाळ्यात टँकरवाल्यांशी चर्चा. ज्याच्यासाठी कोणीतरी अंघोळ करून बसतं असा माझा एकच कार्यक्रम निघाला, आणि तोच मी रद्द करणार होते. मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. आतल्या खोलीतून बाबा विचारत होते की कोण आलंय. आईने सांगितलं, कार्यवाह आल्यात. हाही तिचा जुनाच विनोद. बाबा म्हणाले, मग विचार त्यांना, मोजणी कधी आहे.

मी सरासरी टाकली नाही. हे सांगताना मला मोठेपणा वाटत नाही, कारण टाकावी असं मला रोज वाटत होतं. त्याऐवजी मी सहकार्यवाहांना फोन केला आणि विचारलं की बुजवायच्या आधी सभासदाने येऊन मोजलं तर विहीर पुन्हा चालू धरता येईल का. त्यांना कलम लगेच आठवलं. धरता येईल, मात्र दुसऱ्या एका सभासदाने साक्षीला हवं. मग तेच म्हणाले, मी येतो. त्यांच्या आवाजात ते अजून कानापर्यंत लाल असल्याचं कळत होतं. अशा रीतीने एका सकाळी मी, बाबा आणि बाबांना मारणारा माणूस असे तिघे टॅक्सीत बसून रुग्णालयाच्या धुलाईघराकडे निघालो. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता, फीत मांडीवर धरली होती. सहकार्यवाह त्यांना वाकून नमस्कार करायला गेले आणि टॅक्सीच्या छताला डोकं आपटलं. बाबांनी त्यांना विचारलं, तुमची विहीर कुठली? त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, चांगली आहे, पण टोपण सैल आहे तिचं. सहकार्यवाह माझ्याकडे बघतच राहिले. वाटेत बाबांनी मला दोनदा विचारलं की आई कुठे आहे आणि मी दोनदा सांगितलं की घरी. दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, आणि सहकार्यवाह सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागले. मला त्यांचाही राग आला. सभ्यपणाचाही राग यावा अशी वेळ असते.

धुलाईघरामागचं आवार मला वाटलं होतं त्याहून लहान निघालं. चादरी आता यंत्रात वाळतात, त्यामुळे तारा रिकाम्या होत्या. एका बाजूला नवी उंच इमारत उठली होती आणि तिची सावली थेट नळीपर्यंत आली होती. पण साबणाचा वास तोच. आणि बाबाही, टॅक्सीतून उतरून पाच पावलं टाकेपर्यंत, तेच. मला हे नीट सांगता येत नाही. माझा हात सोडून ते सरळ नळीकडे गेले, गुडघ्यावर बसले, टोपण फिरवलं. फीत पुसली, खडू चोळला. मी पुढे झाले होते, खडू लावायचं काम माझं म्हणून, पण त्यांना माझी गरज नव्हती. फीत सरसरत खाली गेली. ठरलेल्या आकड्यावर हात थांबला, जराही न थरथरता. ज्या हाताला सकाळी शर्टाचं बटण सापडत नव्हतं तो हा हात. ओढून काढली, रेघ वाचली, आकडा सांगितला. परत पुसली, परत खडू, परत सोडली. दुसरा आकडा पहिल्याशी जुळला. सहकार्यवाहांनी आपलं पाण्याला टेकताच वाजणारं यंत्र सोडून तिसऱ्यांदा खात्री केली, आणि मला म्हणाले, अभिनंदन, विहीर चालू. मी इतक्या दिवसांनी पोटभर श्वास घेतला. पुढच्या मोसमाची तारीखसुद्धा माझ्या डोक्यात ठरून गेली. टॅक्सी याच वेळी बोलवायची, बूट आदल्या दिवशी काढून ठेवायचे, आईला सोबत आणायचं.

बाबा उठले नव्हते. ते फितीकडे बघत होते. मागच्या वेळचा आकडा काय होता, असं त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच सांगितला. तोच होता. अगदी तोच. मी म्हटलं, बघा, पाणी टिकून आहे, चांगलंच आहे की. त्यांनी सहकार्यवाहांना विचारलं, आसपासच्या विहिरींचं काय? सहकार्यवाह खोटं बोलू शकत नाहीत, त्यांना ती कला येत नाही. म्हणाले, त्या सगळ्या खाली गेल्यात, नव्या इमारतीने उपसा वाढवलाय ना. बाबा म्हणाले, एक बादली पाणी आणा.

मला कळलं. आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळलं असतं. नळी जिवंत आहे की नाही हे बघायची ती सर्वांत जुनी रीत आहे. वरून पाणी ओतायचं. नळीचा तळ मोकळा असेल तर ओतलेलं पाणी हळूहळू जमिनीत निघून जातं आणि पातळी पहिल्या जागी येते. तळ गाळाने चोंदला असेल तर पाणी जिथे चढलं तिथेच बसून राहतं, कारण खालच्या पाण्याशी त्याचा काही संबंधच उरलेला नसतो. मी म्हटलं, बाबा, कशाला, मोजणी झाली, दोनदा जुळली, ऊन वाढतंय, आई वाट बघत असेल. ते ऐकत नव्हते. सहकार्यवाहच धुलाईघरातून बादली घेऊन आले. बाबांनी धार न सांडता पाणी ओतलं, फीत सोडली. पातळी पुरुषभर वर आली होती. मग आम्ही थांबलो. धुलाईघरातल्या एका बाईने तीन खुर्च्या आणून दिल्या. मी त्या मोजल्या नाहीत असं म्हणणार होते, पण मोजल्या. बाबांनी परत फीत सोडली. रेघ तिथेच. परत थांबलो. मी मनात त्या पाण्याला शिव्या घालत होते, जा ना, एवढंसं तर जायचंय, बोटभर तरी जा. सावली खुर्च्यांवरून पुढे सरकली. रेघ तिथेच.

“चोंदली,” बाबा म्हणाले. “हे खालचं पाणी नाही. नळीतलंच आहे.”

सहकार्यवाह म्हणाले की हवेचा दाब मारून साफ करता येते कधी कधी. बाबांनी त्यांना फीत दाखवली; खडूला गंजाचे पापुद्रे चिकटले होते. नळी आतून कागदासारखी झाली असणार, हवा मारली की फुटेल, आणि फुटली की धुलाईघराचं सांडपाणी थेट खाली. माझंच व्याख्यान ते मला ऐकवत होते, आणि माझ्याहून कमी शब्दांत. मग एक विलक्षण गोष्ट झाली. सहकार्यवाहांनी, ज्यांनी आयुष्यात एक कलम वाकवलं नसेल, घसा साफ केला आणि म्हणाले की तसं बघितलं तर मोजणी झालेली आहे, साक्ष झालेली आहे, बादलीबद्दल नियमावलीत काही म्हटलेलं नाही. एक मोसम चालू ठेवू, पुढचं पुढे बघू. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या माणसाला मी आठवडाभर मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं मला परत घ्यावंसं वाटलं. आणि मी, बुजवण्याच्या मोहिमेची जननी, लगेच म्हटलं, हो बाबा, एक मोसम. एका मोसमाने काय होतंय. मला ती खोटी नळी हवी होती. वस्तीच्या बोअर, गंज, सांडपाणी, सगळ्यावर पाणी सोडायला मी तयार होते, फक्त सकाळी उठून त्यांनी दाढी करावी म्हणून.

“दिसतंय म्हणून मोजायचं का?” बाबा मला म्हणाले. रागावून नाही, समजुतीने. मी लहान असताना बोलायचे तसे. “बुजवा. माझ्या हातची आहे, मी येईन. पहिलं घमेलं मी ओतेन.” त्यांनी टोपण लावलं, नीट आवळलं, आणि फीत पुसून गुंडाळून माझ्या हातात दिली.

सहकार्यवाह टॅक्सी बघायला रस्त्यावर गेले. खरं तर ते आमच्यापासून लांब गेले, आणि यावेळी मला त्यांच्या सभ्यपणाचा राग आला नाही. आम्ही दोघं त्या खुर्च्यांवर बसलो. मी संतापले होते, आणि कोणावर ते मला कळत नव्हतं. जो माणूस बायको कुठे आहे हे दोनदा विचारतो त्याला नेमकं हेच का कळावं? एवढी एक गोष्ट तेवढी विसरायची राहून गेली होती. गॅस विसरता, घरची वाट विसरता, मी सांगितलेलं सगळं विसरता. हेही विसरला असतात तर काय बिघडलं असतं? यातलं काही मी मोठ्याने बोलले का ते आठवत नाही. बोलले असेन. बाबा आपले हात बघत होते. बोटांना खडू लागला होता, तो त्यांनी एकमेकांवर चोळून झटकला.

“मग आता संपलं ना माझं काम?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

“मग आता मी काय करू? बाकीची माणसं काय करतात गं?”

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, घरी जातात, बाबा.

“आणि?”

“जेवतात.”

“आणि?”

“थोडं पडतात. मग उठतात, चहा घेतात.”

ते मन लावून ऐकत होते. मान हलवत होते, नव्या जागी बदली झालेला माणूस कामाचं स्वरूप समजावून घेताना हलवतो तशी.

“आणि मग?” ते म्हणाले.

रस्त्यावरून सहकार्यवाह हात हलवत होते, टॅक्सी मिळाली होती. मी उठले नाही. मला पुढचं काही येत नव्हतं.